पाचगणीचा फारुख, जगाचा फ्रेडी

महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणांचे दैव सारखे नाही. आपल्या वऱ्हाडातील चिखलदरा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आपलासा केला, गाविलगडाच्या शेजारी बंगले उठवले, कॉफीची लागवड केली. पण मेळघाटाच्या त्या धुक्यात पुढे फारसे काही घडले नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाचगणीला मात्र गोऱ्या साहेबांनी आणखी एक देणगी दिली, ती निवासी शाळांची. मुंबईच्या धनिकांची, आफ्रिकेतील भारतीय व्यापाऱ्यांची आणि सरकारी नोकरांची मुले तेथे येऊन वर्षानुवर्षे राहत. अशाच एका शाळेत, सेंट पीटर्समध्ये, 1955 च्या सुमारास आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. पुढे वीस वर्षांनी त्याच मुलाने आपल्या तीन साथीदारांसह एक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली आणि अर्धशतक उलटले तरी रसिकांनी तिला खाली ठेवलेले नाही. ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ आणि तो मुलगा म्हणजे फारुख बुलसारा, अर्थात फ्रेडी मर्क्युरी!

फारुखचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबार बेटावर झाला. वडील बोमी तेथील उच्च न्यायालयात रोखपाल होते. घराणे मूळचे गुजरातेतील वलसाडचे, म्हणजे जुन्या बुलसारचे. आडनाव त्यावरूनच आले. झांझिबारहून बोटीने मुंबई आणि मुंबईहून घाटरस्त्याने पाचगणी असा त्याचा प्रवास असे. आईवडील समुद्रापार असल्याने लहान सुट्या मुंबईत मावशी-आजीकडे जात. एवढ्या कोवळ्या वयात घर सुटलेली मुले एकतर कोमेजतात, नाहीतर स्वतःभोवती एक कवच तयार करतात. फारुखने दुसरा मार्ग पत्करला. वरच्या जबड्यात जादा दात असल्याने त्याचे ओठ पुढे येत आणि मुले चिडवत. हसताना हाताने तोंड झाकण्याची सवय त्याला तेव्हापासून लागली, ती जगज्जेता झाल्यावरही सुटली नाही.

पण याच पाचगणीत त्याचे हात पियानोला लागले. मुलाचा कान तयार आहे हे शाळेच्या लक्षात आले. जादा शुल्क भरून त्याला रीतसर शिकवणी लावावी, असे घरी कळवण्यात आले आणि वडिलांनी ते मानले. टेबल टेनिसमध्ये तो तरबेज होता, मुष्टियुद्धातही उतरे. फारुखचा फ्रेडी येथेच झाला. बारा वर्षांच्या आसपास चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. गंमत अशी की, पुढे ज्याच्या आवाजाने वेम्बलीचे मैदान हलले, तो फ्रेडी या वृंदात मुख्य गायक नव्हता. तो मागे बसून पियानो वाजवी.

1963 च्या सुमारास तो झांझिबारला परतला आणि जानेवारी 1964 मध्ये तेथे रक्तरंजित क्रांती झाली. बुलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनला पोचले आणि विमानतळानजीकच्या फेल्टम उपनगरात एका साध्या घरात राहू लागले. सतरा वर्षांच्या मुलाने पुन्हा एकदा मुळे उपटली. हीथ्रोवर अंगमेहनतीची कामे, ईलिंगच्या कला महाविद्यालयात आरेखनाचे शिक्षण, केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांची विक्री आणि रात्री या ना त्या वाद्यवृंदात गाणे, असा त्याचा उमेदवारीचा काळ गेला. 1970 मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याशी त्याची जोडी जमली. 1971 मध्ये जॉन डीकन आला. ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीने सुचवले. चौघांच्या राशी गुंफून वृंदाचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या दोन पऱ्या आणि सर्वांवर पंख पसरलेला अग्निपक्षी. याच सुमारास बुलसारा हे आडनाव गळून पडले आणि मर्क्युरी आले.

या नामांतरावर बरेच लिहिले गेले आहे. त्याने आपले भारतीयत्व लपवले, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. पाचगणीविषयी तो मुलाखतींत क्वचितच बोलला. परंतु तो काळही ध्यानात घ्यायला हवा. आशियाई स्थलांतरितांविरुद्ध ब्रिटनमध्ये उघड द्वेष उसळलेला होता, इनॉक पॉवेलचे कुप्रसिद्ध भाषण 1968 चे. अशा देशात बुलसारा नावाच्या तरुणाला रॉक संगीताचा सम्राट म्हणून कोणी स्वीकारले असते काय? प्रस्तुत लेखकाला ते अशक्य वाटते. लपवणे हा त्याच्या स्वभावाचा दोष असेलही, पण त्याचे बीज त्याच्याबाहेर होते.

सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ची लाट होती. तीन मिनिटांच्या उडत्या गाण्याऐवजी दीर्घ रचना, युरोपीय अभिजात संगीताचे संस्कार, लय आणि भाव मध्येच पालटणे आणि संपूर्ण तबकडी एकसंध अनुभव म्हणून ऐकवणे ही तिची लक्षणे. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस ही या लाटेची मोठी नावे. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ 1973 ची. क्वीनला या पंथात बसवावे की नाही, यावर शौकिनांत अजून कडाक्याचे वाद होतात. ‘क्वीन टू’ (1974) ऐकणारा होय म्हणेल, नंतरची नृत्यगीते ऐकणारा कानावर हात ठेवील. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ मात्र या दोहोंच्या सीमेवर उभी आहे आणि तिची गोडी बहुधा त्यातच आहे.

ही तबकडी निघाली तेव्हा क्वीनची अवस्था बिकट होती. तीन ध्वनिमुद्रिका होऊन, ‘किलर क्वीन’ गाजूनही चौघांचे खिसे रिकामे होते. व्यवस्थापकांशी झालेला तंटा वकिलांपर्यंत गेला आणि त्यातून ते कसेबसे मोकळे झाले. तबकडीतील पहिलेच गाणे या जुन्या व्यवस्थापनावर ओकलेले गरळ आहे. इतके जहाल की ऐकणाऱ्याने दचकावे. अशा स्थितीत शहाणा माणूस हात आखडता घेतो. या चौघांनी उलट केले. ऑगस्ट ते नोव्हेंबर 1975 असे चार महिने, वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणगृहांत, त्या काळी रॉक संगीतातील सर्वांत महागडी म्हणून गाजलेली तबकडी त्यांनी घडवली. खर्चाचा आकडा 40,000 पौंड सांगितला जातो. ही तबकडी आपटली असती तर क्वीनचा खेळ तेथेच संपला असता.

तबकडीत 12 रचना आहेत आणि एकीचे दुसरीशी नाते लागत नाही. ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. अंतराळातून परतणाऱ्याचे वय आणि पृथ्वीवरचा काळ यांचा मेळ बसत नाही, या सापेक्षतेच्या कल्पनेवर त्याने लोकगीताच्या चालीचे गाणे रचले. त्याचीच ‘द प्रॉफेट्स साँग’ आठ मिनिटांहून मोठी. तीत फ्रेडीचा एकटा आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनींवर थर चढवत जातो. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ या फ्रेडीच्या हळव्या गीतात मे याने हार्प हे वाद्य एकेक स्वरसमूह वाजवून, जुळवून भरले आहे. मध्येच जुन्या नाटकगृहातील हलकीफुलकी गाणी येतात. शेवटी गिटारवर ब्रिटिश राष्ट्रगीत! रॉय टॉमस बेकर या निर्मात्याने हे सारे एका सूत्रात कसे ओवले, याचे आजही नवल वाटते.

आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या या गाण्याला धृपद नाही. आर्त पियानो, मग ऑपेराचा गलबला, मग धडाडती गिटार आणि पुन्हा शांतता. मधल्या ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, मे आणि टेलर तिघेच आठवडेच्या आठवडे, दिवसाचे दहा-बारा तास गात होते. 24 ट्रॅकच्या फितीवर आवाजावर आवाज चढवताना ती इतकी झिजली की तिच्यातून उजेड दिसू लागला. या कोलाहलात ‘बिस्मिल्ला’ हा शब्दही येतो. झांझिबारच्या गल्ल्यांत बालपण गेलेल्या माणसाला तो कोठून सुचला असेल, हे सांगायला नको. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकाने ते एका शनिवार-रविवारी 14 वेळा वाजवले आणि प्रश्न मिटला. गाणे ब्रिटनमध्ये सलग 9 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 21 नोव्हेंबर 1975 रोजी आलेली तबकडीही तेथे अव्वल ठरली.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. 13 जुलै 1985 रोजी वेम्बलीवरील ‘लाइव्ह एड’मधील जेमतेम एकवीस मिनिटे, 72,000 श्रोत्यांचे एकत्र उठणारे हात, 9 ऑगस्ट 1986 चा नेबवर्थचा अखेरचा जलसा आणि माँसेरा काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबरची ‘बार्सिलोना’. 1987 मध्ये एड्सचे निदान झाले. चार वर्षे त्याने ही गोष्ट जगापासून राखली आणि उभे राहवत नसतानाही तो स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे गात राहिला. 23 नोव्हेंबर 1991 रोजी त्याने आजार जाहीर केला, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय अवघे 45. ज्या धर्माचा त्याने कधी उच्चार केला नाही, त्या झरतुष्ट्री धर्माच्या पुरोहितांनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून त्याला निरोप दिला. दहनानंतर त्याच्या अस्थी कोठे ठेवल्या, हे मैत्रीण मेरी ऑस्टिनखेरीज कोणाला ठाऊक नसल्याचे सांगतात.

समाधी नसल्याने चाहत्यांनी आपापली तीर्थस्थाने शोधून काढली. माँट्रोच्या सरोवराकाठी त्याचा पुतळा आहे. फेल्टमच्या घरावर 2016 मध्ये निळा फलक लागला. लंडनमधील त्याच्या बंगल्याची भिंत वर्षानुवर्षे चिठ्ठ्यांनी भरत राहिली. पाचगणीला येणारे परदेशी पाहुणेही टेबललँडपेक्षा सेंट पीटर्सची वाट आधी विचारताना आढळतात. प्रेमाची ही तऱ्हा केवळ गायकावरील नव्हे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा बाजारात आले आणि पुन्हा 5 आठवडे पहिले राहिले. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ दक्षिण अमेरिकेत इंग्रजी न समजणाऱ्या जनसमुदायांनी तोंडपाठ केले; मैदानावर फ्रेडी गाणे थांबवी आणि लोक पुढे गात. इराणसारख्या देशात 2004 मध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे विकली गेली. भारतात फ्रेडीसह क्वीन कधी गायली नाही. येथल्या महाविद्यालयीन पिढ्यांनी ही तबकडी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवत जपली. आता चिखलदऱ्याच्या घाटात मोटार चढवणारी मुले मोबाइलवर तीच गाणी लावतात, आणि ऑपेराचा भाग आला की प्रत्येकजण आपापला सूर पकडतो. 2018 च्या चित्रपटाने या मुलांना फ्रेडी दाखवला हे खरे, मात्र चित्रपट पाहून मूळ तबकडीकडे वळलेले श्रोते तेथेच रमले, ही श्रेयाची बाब तबकडीची.

2023 मध्ये लंडनमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. तत्पूर्वी मांडलेले प्रदर्शन पाहण्यास सुमारे 1,40,000 लोक रांगा लावून आले. त्याच्या पियानोला 17 लाख पौंडांहून अधिक मोल मिळाले; उत्पन्नाचा काही भाग एड्सविरोधी कामाला गेला. त्या वस्तूंत एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा कच्चा खर्डाही होता. त्याने प्रथम गाण्याला ‘मंगोलियन’ असे विशेषण दिले होते. ते खोडून त्याच्यावर दुसरा शब्द लिहिलेला त्या कागदावर स्पष्ट दिसतो.