रोमनगरीचा दुसरा संस्थापक

इटलीतील टायबर नदीच्या काठी सात टेकड्यांवर रोम ही नगरी वसली आहे. पुढे एका विशाल साम्राज्याची राजधानी झालेली ही नगरी प्रारंभी अगदी लहान होती. नदीपलीकडे उत्तरेस एट्रुस्कन लोकांची संपन्न नगरे होती. धातुकामात व शिल्पकलेत हे लोक निष्णात होते. त्यांच्यापैकी व्हेई हे नगर रोमपासून अवघ्या १५-१६ किलोमीटरांवर होते. टायबरच्या मुखाजवळील मिठागरे आणि नदीवरील वाहतूक कोणाच्या हाती असावी, या प्रश्नावरून या दोन शेजाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या युद्धे होत असत.

इसवी सनापूर्वी ४०६ मध्ये रोमनांनी व्हेईला वेढा घातला. नगर उंच कड्यांवर वसलेले, तट भक्कम. वर्षांमागून वर्षे लोटली, तरी ते हाती येईना. पेरणी-कापणीसाठी घरी परतणारे शेतकरी-सैनिक आता हिवाळ्यातही छावणीत राहू लागले. लोक कंटाळून गेले. अखेर इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये मार्कस फ्यूरियस कॅमिलस यास सर्वाधिकारी नेमण्यात आले. संकटकाळी एकाच पुरुषाच्या हाती सर्व सत्ता द्यावयाची, पण ती सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची नाही, अशी रोमनांची रीत होती.

कॅमिलसने प्रथम सैन्यास शिस्त लावली. नंतर त्याने शत्रूच्या बालेकिल्ल्याखाली भुयार खणण्यास आरंभ केला. खणणाऱ्यांच्या सहा तुकड्या करून त्याने रात्रंदिवस पाळीपाळीने काम चालू ठेवले. भुयार पूर्ण होताच त्याने तटावर चोहोंकडून हल्ला चढविला. व्हेईचे लोक तटावर लढण्यात गुंतले असता रोमन सैनिक बालेकिल्ल्यातील मंदिरात भुयारातून प्रकट झाले आणि व्हेई पडले. विजयाच्या मिरवणुकीत मात्र कॅमिलस चार पांढऱ्या घोड्यांच्या रथात बसला. असा मान केवळ देवांचा, या समजुतीमुळे लोकांना त्याचा हा डौल रुचला नाही.

दोन वर्षांनी व्हेईचे मित्रनगर फालेरी याला त्याने वेढा घातला. तेथील एक शिक्षक थोरामोठ्यांच्या मुलांना खेळावयास तटाबाहेर नेत असे. एके दिवशी लोभाने अंध होऊन त्याने ती मुले थेट रोमन छावणीत आणली आणि कॅमिलसच्या स्वाधीन केली. मुले ओलीस ठेवली असती, तर नगर लढाईवाचून शरण आले असते. पण युद्धालाही काही नियम असतात, असे कॅमिलस मानीत होता. त्याने त्या विश्वासघातक्याचे हात पाठीमागे बांधले, मुलांच्या हाती छड्या दिल्या आणि त्याला हाकीत घरी नेण्यास सांगितले. हे पाहून फालेरीचे लोक थक्क झाले. जे तलवारीने झाले नव्हते, ते न्यायाने झाले. त्यांनी आपण होऊन तह केला.

अशा या वीरावर काही वर्षांतच व्हेईच्या लुटीचा अपहार केल्याचा आरोप आला. आपल्या बाजूने निकाल लागणार नाही, हे ओळखून इसवी सनापूर्वी ३९१ मध्ये तो रोम सोडून आर्डिया या गावी राहू लागला. त्याच्या मागे त्याला दंड झाला.

लवकरच उत्तरेकडून गॉल टोळ्या चालून आल्या. इसवी सनापूर्वी ३९० च्या सुमारास आलिया नदीकाठी रोमन सैन्याची दाणादाण उडाली आणि नगरी जळाली. केवळ कॅपिटॉल ही टेकडी मूठभर लोकांनी लढवीत ठेवली. ज्यांनी आपल्याला हद्दपारीत धाडले, त्यांचा नाश कॅमिलसला स्वस्थ बसून पाहता आला असता. पण त्याने आर्डियाच्या तरुणांना गोळा करून गॉलांवर छापा घातला. व्हेईत जमलेल्या रोमन सैनिकांनी त्याला सेनापतिपद देऊ केले, तेव्हा कायदेशीर आज्ञेवाचून ते स्वीकारण्यास तो राजी झाला नाही. म्हणून एक तरुण रात्री टायबर पोहून कॅपिटॉलवर चढला आणि त्याने वडीलधाऱ्यांच्या सभेची संमती आणली. रोमन लोक १,००० पौंड सोने मोजून देत असता कॅमिलस सैन्यासह येऊन ठेपला आणि त्याने शत्रूला पिटाळले, असे कथा सांगते.

नगरीची राख झाली होती. व्हेईत सुबक घरे रिकामी पडली होती; तेथेच राहावयास जावे, असे अनेकांना वाटू लागले. पूर्वजांची भूमी सोडू नये, म्हणून कॅमिलसने त्यांचे मन वळविले आणि रोम पुन्हा उभे राहिले. म्हणूनच त्याला रोमचा दुसरा संस्थापक म्हणतात. तो पाच वेळा सर्वाधिकारी झाला आणि इसवी सनापूर्वी ३६५ मध्ये साथीच्या रोगाने मरण पावला.

ही हकीकत विस्ताराने सांगणारा लिव्ही सुमारे साडेतीनशे वर्षांनी लिहीत होता. त्याच्याही पूर्वीचा इतिहासकार पॉलिबियस तर गॉल तह करून आपण होऊन परतले, असे सांगतो. तेव्हा या चरित्रात इतिहास किती व दंतकथा किती, हे नेमके वेगळे करणे कठीण आहे. तथापि रोमनांनी आपल्या मुलांपुढे कोणता आदर्श ठेवला, हे त्यातून स्पष्ट दिसते. रणांगणावरील शौर्य त्यांना प्रिय होतेच. पण अन्याय सोसूनही संकटकाळी आपल्या लोकांच्या मदतीस धावणारा, आणि हाती तलवार असताही कायद्यापुढे मान लवविणारा पुरुष त्यांना अधिक थोर वाटला.