ग्लासात ॲपल ज्यूस

ग्रुपमध्ये कुणाचा बर्थडे असला की रात्री बारानंतर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. केक राहतो बाजूला आणि बर्थडे बॉयची यथेच्छ सालटी काढली जातात. फर्स्ट इयरचा तो भयानक हेअरकट, क्रशने ब्लॉक केल्याचा किस्सा, राहिलेला बॅकलॉग, सगळं बाहेर येतं. याला हल्ली आपण सरळ ‘रोस्ट’ म्हणतो. आपल्याकडे हा शब्द घराघरात गेला तो २०१५ च्या जानेवारीत. वरळीच्या स्टेडियममध्ये झालेला रणवीर सिंग आणि अर्जुन कपूरचा रोस्ट एआयबीने यूट्यूबवर टाकला, मग पोलीस तक्रारी झाल्या आणि व्हिडिओ खाली उतरला. तेव्हा आपण शाळेत होतो, पण घरात त्यावर झालेली चर्चा आठवत असेल.

अमेरिकेत मात्र हा खेळ टीव्हीवर कित्येक वर्षं चालला. तो चालवणारा माणूस म्हणजे डीन मार्टिन. टक्सिडो, एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात ग्लास, डोळे अर्धवट मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, गडी आता पडतोय की मग. त्या ग्लासात बहुतेक वेळा ॲपल ज्यूस असायचा. ही गोष्ट लक्षात ठेवून त्याचं पुढचं आयुष्य वाचा.

त्याचं खरं नाव डीनो पॉल क्रोचेट्टी. जन्म ७ जून १९१७, ओहायो राज्यातल्या स्टुबेनव्हिल या पोलाद कारखान्यांच्या गावात. वडील इटलीहून आलेले, गावात न्हाव्याचं काम करायचे. घरात इटालियन बोली, त्यामुळे पाच वर्षांचा होईपर्यंत पोराला इंग्रजी येतच नव्हतं. शाळेत गेल्यावर काय झालं असेल, याचा अंदाज गावाकडून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आलेल्या कुणालाही येईल. मोडक्यातोडक्या इंग्रजीवरून पोरं त्याला चिडवायची. म्हणजे टीव्हीवरच्या सगळ्यात गाजलेल्या रोस्टच्या यजमानाचा पहिला रोस्ट त्याच्या शाळेच्या वर्गातच झाला म्हणायचा, फक्त तिथे त्याची बाजू घेणारं कुणी नव्हतं.

दहावीच्या वर्गातच त्याने शाळा सोडली. मग पोलाद कारखान्यात काम केलं, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू पोचवली, ‘किड क्रोशे’ या नावाने बॉक्सिंग करून नाक मोडून घेतलं (पुढे ते सर्जरीने सरळ करवलं) आणि जुगाराच्या अड्ड्यावर पत्तेही वाटले. मला विचाराल तर या शेवटच्या नोकरीनेच त्याला घडवलं. पत्ते वाटणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. समोरचा हरो की जिंको, याने आपलं निवांत असायचं. तो चेहरा त्याने आयुष्यभर वापरला.

गाणं सुरू होतंच. आधी डीनो मार्टिनी, मग डीन मार्टिन असं नाव बदलत तो नाइट क्लबांमध्ये गायला लागला. आवाज गोड, पण असे आवाज तेव्हा पैशाला पासरी होते. १९४६ च्या जुलैमध्ये अटलांटिक सिटीच्या ५०० क्लबमध्ये त्याची जेरी लुइस नावाच्या विशीतल्या विनोदवीराशी जोडी जमली. पहिला शो साफ पडला. मालकाने दम भरला की पुढचा शो जमला नाही तर गाशा गुंडाळा. मग दोघांनी लिहिलेलं सगळं सोडून दिलं. डीन सरळ चेहऱ्याने गाणं म्हणतोय आणि जेरी वेटरच्या वेशात भांडी पाडतोय, गोंधळ घालतोय, असा नुसता धिंगाणा. पब्लिक वेडं झालं. पुढे रेडिओ, टीव्ही आणि १६ सिनेमे.

आता यातली मेख बघा. माकडचेष्टा करणारा लगेच दिसतो, पण त्याच्या शेजारी गंभीर चेहऱ्याने उभं राहून त्याच्या विनोदाला जागा करून देणारा कुणाला दिसत नाही. समीक्षक जेरीचं कौतुक करायचे आणि डीनला ‘सोबतचा गायक’ म्हणून मोकळे व्हायचे. १९५४ मध्ये तर ‘लुक’ मासिकाने मुखपृष्ठावरच्या फोटोतून डीनला कापलं आणि जेरीला ठेवलं. कॉलेजच्या एकांकिकेत ज्यांनी दुसऱ्याला पंच मिळावा म्हणून नुसते क्यू दिले आहेत, त्यांना हे झोंबेल. पार्टनरशिपच्या बरोबर दहाव्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्ये शेवटचा शो करून दोघे वेगळे झाले. पुढची वीस वर्षं त्यांच्यात जवळजवळ बोलणं नव्हतं.

डीन संपला असंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. एकट्याचा पहिला सिनेमा आपटलाही. पण १९५८ मध्ये ‘द यंग लायन्स’मध्ये तो मार्लन ब्रँडो आणि माँटगोमेरी क्लिफ्टसमोर उभा राहिला आणि टिकला. मग ‘रिओ ब्राव्हो’. मग लास व्हेगासमध्ये फ्रँक सिनात्रा आणि सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्याबरोबरचा तो प्रसिद्ध रॅट पॅक. १९६४ मध्ये बीटल्सचं वादळ सुरू असताना सत्तेचाळीस वर्षांच्या या माणसाच्या गाण्याने त्यांना अमेरिकेच्या यादीतल्या पहिल्या नंबरवरून खाली ढकललं.

१९६५ मध्ये एनबीसीने त्याला स्वतःचा साप्ताहिक शो दिला. त्याला तो फारसा नकोच होता, म्हणून त्याने चॅनेल नकार देईल अशाच अटी घातल्या. आठवड्यातून एकच दिवस येणार, ही त्यातली एक. चॅनेलने सगळं मान्य केलं. तालमीला तो जायचाच नाही. शूटिंगच्या दिवशी उगवायचा आणि समोर धरलेल्या पाट्यांवरून वाचायचा. वाचताना चुकला की स्वतःच हसायचा, आणि लोकांना तेच आवडायचं. प्यायलेला, बेफिकीर डीन हे पात्र इतकं पक्कं बसलं की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्याने ‘ड्रंकी’ लिहून घेतलं. प्रत्यक्षात तो लवकर झोपायचा, कारण सकाळी गोल्फ खेळायला जायचं असायचं.

आठ वर्षांनी शो थकला होता. शेवटच्या सीझनमध्ये निर्माता ग्रेग गॅरिसनने नवीन भाग घातला, दर आठवड्याला एका सेलिब्रिटीचा रोस्ट. कल्पना जुनीच. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबमध्ये कलावंत मंडळी बंद दाराआड आपल्याच माणसाला मधे बसवून सोलून काढायची आणि शेवटी त्याला उत्तर द्यायची संधी द्यायची. टीव्हीवर आणताना शिव्या गेल्या, बाकी साचा तोच राहिला. सप्टेंबर १९७३ मध्ये पहिला मान मिळाला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरला, म्हणजे रोनाल्ड रेगनला, जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १९७४ पासून याचे स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाले आणि ते १९८४ पर्यंत चालले, बरेचसे लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये. बॉब होप, ल्युसिल बॉल, मोहम्मद अली, सिनात्रा, सगळे त्या खुर्चीत बसून गेले.

बघताना वाटतं, काय दोस्ती आहे यांची! पण यातलं बरंच काही एडिटिंग टेबलवर जुळवलेलं होतं. काही पाहुण्यांची भाषणं वेगळ्या वेळी शूट व्हायची आणि त्यांच्यामध्ये हसणाऱ्या चेहऱ्यांचे शॉट्स चिकटवले जायचे. म्हणजे स्क्रीनवर ज्याला जोक लागलाय असं दिसतं, तो त्या वेळी त्या हॉलमध्ये असेलच असं नाही. आजच्या रील्सवाल्यांना यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र हे कळल्यापासून ते रोस्ट बघताना हसणाऱ्यांकडे संशयाने बघायची सवय लागली आहे.

सॅमी डेव्हिसचा १९७५ चा भाग बघा. एकामागून एक येणारे, बहुतेक गोरे, लोक त्याच्या काळ्या रंगावर, त्याच्या ज्यू असण्यावर, अपघातात गेलेल्या डोळ्यावर विनोद करतात आणि सॅमी खुर्चीतून पडेपर्यंत हसतो. हाच सॅमी करिअरच्या सुरुवातीला व्हेगासमधल्या ज्या हॉटेलात नाचायचा, तिथे त्याला राहायला खोली मिळत नव्हती. एरवी मी ‘विनोदाला विनोद म्हणून घ्या’ पार्टीतली, पण तो भाग मला सलग बघवला नाही. डीनची त्याच्याशी खरी मैत्री होती, हे मान्य. तरीही तिथे हसण्याशिवाय सॅमीपुढे पर्याय काय होता, हा प्रश्न पाठ सोडत नाही.

१९७६ च्या फेब्रुवारीत डीन स्वतः त्या खुर्चीत बसला. त्याच सप्टेंबरमध्ये जेरी लुइसच्या लाइव्ह मदतनिधी कार्यक्रमात सिनात्राने काही न सांगता डीनला स्टेजवर आणलं. वीस वर्षांनी दोघांनी मिठी मारली.

डीनच्या चेहऱ्यावरचं ते निवांतपण मोडलं ते २१ मार्च १९८७ ला. त्याचा मुलगा डीन पॉल एअर नॅशनल गार्डमध्ये पायलट होता. त्याचं फायटर जेट कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर आदळलं. वय ३५. अंत्यविधीला जेरी लुइस कुणाला न कळवता आला, मागच्या रांगेत बसला आणि तसाच निघून गेला. डीनला ते नंतर कळलं, आणि मग दोघांचं पुन्हा बोलणं सुरू झालं. पुढच्या वर्षी मित्राला सावरायचं म्हणून सिनात्राने सॅमीला घेऊन तिघांची मोठी टूर काढली. वीस-वीस हजारांची स्टेडियमं. डीन काही शो करून घरी परतला. प्यायलेला, बेफिकीर डीन अजून करता आला असता, पण त्याला आता तो करायचा नव्हता. फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर २५ डिसेंबर १९९५ ला, ख्रिसमसच्या दिवशी, तो गेला. व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरचे दिवे त्याच्यासाठी मंद केले गेले.

रोस्ट घरोघरी विकायला आले ते तो गेल्यावर. टीव्हीवरच्या लांबलचक जाहिरातींमधून आधी व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी, आणि शेवटी टाइम लाइफने ५४ भागांचा पूर्ण संच काढला. तुकडे ऑनलाइनही सापडतात. बघायचेच असतील तर डीनच्या स्वतःच्या रोस्टपासून सुरू करा. यजमानाच्या जागी डॉन रिकल्स आहे, त्यामुळे जोक्स जबरदस्त आहेत. एकदा ते ऐकून हसून घ्या. मग आवाज बंद करून पुन्हा लावा आणि बोलणाऱ्याऐवजी फक्त डीनकडे बघा.