भाजलेल्या वैमानिकांना पुन्हा उभे करणारे डॉ. मॅकिंडो कोण होते?

प्लास्टिक सर्जरी फक्त सुंदर दिसण्यासाठी, असा अनेकांचा समज असतो. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांचे काम वेगळे होते.

जन्म १९०० चा, न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयात त्यांनी विमानाच्या आगीत होरपळलेल्या वैमानिकांवर उपचार केले. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा चांगल्या भरतात, हे पाहून त्यांनी भाजलेल्यांना मिठाच्या पाण्याने अंघोळ घालायला सुरुवात केली.

त्वचारोपणाच्या शस्त्रक्रिया महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालत. तोवर रुग्णाने लपून राहायचे का? मॅकिंडो यांनी रुग्णांना गावात फिरायला पाठवले आणि त्यांच्याकडे टक लावून न पाहता त्यांना घरी बोलवा, असे गावकऱ्यांना सांगितले.

१९४१ मध्ये रुग्णांनी ‘गिनीपिग क्लब’ काढला. १९६० मध्ये मॅकिंडो यांचे निधन झाले. क्लबचे सदस्य मात्र २००७ पर्यंत भेटत राहिले.