प्रेतयात्रेने मुद्दा खोटा ठरत नाही

अकोल्यात शिकून गोपाळ गणेश आगरकर पुण्याला गेले. जन्म १८५६चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरची परिस्थिती गरिबीची. १८८८मध्ये त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले.

१८९१मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलींची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. रूढी पूर्वापार आहे, सरकारने धर्मात पडू नये, असे विरोधकांचे म्हणणे. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. चाल जुनी असली म्हणून ती हितकारक ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. कोवळ्या शरीराला होणारी इजा रूढी जुनी म्हणून थोडीच कमी होते?

चिडलेल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. हल्ला माणसावर झाला; मुद्द्याला उत्तर मिळालेच नाही.

दम्याने जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी गेले. तेव्हा ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

आजही घरात औषधपाण्यावरून वाद होतात. उपाय आजीच्या काळापासूनचा आहे किंवा सांगणारा वयाने लहान आहे, एवढ्यावर निर्णय घेऊ नये. आधी विचारावे, पुरावा काय?