हार्वर्डने जिला फुटबॉलचं तिकीट नाकारलं, तिनेच रंगातल्या विषाचा माग काढला

घराला नवा रंग द्यायचा म्हटलं की पहिलं काम ठरलेलं. पॉलिशपेपर घ्यायचा आणि जुना रंग खसाखसा घासायचा. पण त्या रंगात शिसं असेल तर? ती धूळ माणसाला आतून पोखरते, हे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत पुराव्यासकट मांडलं डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी.

जन्म १८६९ चा. १८९३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८९७ ला शिकागोच्या 'हल हाऊस'मध्ये राहायला गेल्या. गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतली ही समाजसेवी संस्था. शेजारी सगळे कारखान्यातले कामगार, त्यामुळे त्यांची दुखणी रोज डोळ्यांसमोर.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने कामातून होणाऱ्या आजारांची पाहणी काढली. शिशाचा विषय हॅमिल्टनबाईंकडे आला. तेव्हा रंगात सर्रास 'व्हाइट लेड' म्हणजे शिशाची पांढरी पूड असायची. मालकांचं उत्तर तयार होतं, की कामगार हात न धुता जेवतात, त्यांचीच चूक. बाईंनी दवाखान्यांच्या वह्या चाळल्या, कामगारांची घरं गाठली. शिसेबाधेचे ५७८ रुग्ण निघाले. खरा दोष कारखान्यात उडणाऱ्या धुळीचा आणि वाफेचा होता. आता श्वास काय धुऊन घ्यायचा?

शिशाच्या एका बड्या कंपनीचे अधिकारी एडवर्ड कॉर्निश आधी भडकले, पुरावा आणा म्हणाले. बाईंनी २२ रुग्णांची नोंद समोर ठेवली. माणूस सरळ निघाला, त्याने कारखान्यांत सुधारणा केल्या. १९११ मध्ये राज्याने कायदा केला आणि कामगारांची दरमहा तपासणी मालकांवर बंधनकारक झाली.

पण रंगाऱ्याचं काय? त्याला ना कारखाना, ना एक मालक. आज या घरात, उद्या त्या घरात. १९१३ मध्ये रंगाऱ्यांच्या आरोग्यावरचा त्यांचा अहवाल सरकारने छापला. सुका रंग घासणं सगळ्यात घातक, हा त्यातला मुख्य मुद्दा.

१९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना नेमलं. तिथल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. अटी मात्र अशा, की प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही आणि फुटबॉलची तिकिटंही मागायची नाहीत. १९३५ ला निवृत्त झाल्या तेव्हाही पद तेच, सहायक प्राध्यापक. बढती नाहीच.

२२ सप्टेंबर १९७० ला, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेचा कामगार सुरक्षा कायदा झाला. घरगुती रंगातल्या शिशावर बंदी यायला १९७८ उजाडलं. त्याआधीच्या घरांत पैसे घेऊन दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराला २०१० पासून तिथे प्रमाणपत्र लागतं. धूळ ओढणारा खास फिल्टर नसेल, तर मशीनने रंग घासायला त्याला मनाई आहे.