विश्लेषण : दोन प्रजातींमधली भिंत कशी उभी राहते? माश्यांमध्ये उत्तर शोधणारे डोबझान्स्की कोण होते?

पश्चिम फ्रान्समधील मायेन भागातल्या तळ्यांमध्ये न्यूटच्या दोन प्रजाती शेजारी-शेजारी राहतात. न्यूट दिसतो पालीसारखा, पण तो बेडकाच्या जातकुळीतला, म्हणजे उभयचर. महाराष्ट्रात तो नाही. भारतात तो दार्जिलिंग, सिक्कीमच्या बाजूला आढळतो. मायेनमधला एक न्यूट काळपट, पाठीवर तुरा असलेला, तर दुसरा हिरव्या-काळ्या संगमरवरी नक्षीचा. दोघांचा संकर होतो. एकोणिसाव्या शतकात तर या संकरालाच स्वतंत्र प्रजाती समजून नाव देण्यात आले होते. तरीही तिथल्या प्रौढ न्यूटमध्ये संकरांचे प्रमाण सुमारे ४ टक्केच भरते आणि दोन्ही प्रजाती एकमेकींत विरघळत नाहीत. हे कसे घडते, हा प्रश्न प्रयोगाने सोडवता येईल अशा भाषेत मांडला तो थिओडोसियस डोबझान्स्की यांनी. त्यासाठी त्यांनी न्यूट नव्हे, तर माशी निवडली.

नेमिरिवचा मुलगा

डोबझान्स्की यांचा जन्म २५ जानेवारी १९०० चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या युक्रेनमधील नेमिरिव गावचा. वडील गणिताचे शिक्षक. उशिरापर्यंत मूल नव्हते म्हणून आई-वडिलांनी चेर्निगोव्हच्या संत थिओडोसियसला साकडे घातले आणि मुलाचे नावही तेच ठेवले. घरातली ही श्रद्धा त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. पुढे उत्क्रांतीचा सर्वात खंबीर पुरस्कर्ता म्हणून ओळखला गेलेला हा माणूस ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच राहिला, हे अनेकांना आजही खटकते. त्यांना मात्र त्यात विसंगती वाटली नाही.

शाळेत असताना फुलपाखरे, मग ढालकिडे. शेतावर मावा खाणारा, पाठीवर ठिपके असलेला हा किडा मराठी शेतकऱ्यांच्याही ओळखीचा आहे. त्या ठिपक्यांनी डोबझान्स्की यांना वेड लावले. एकाच प्रजातीत ठिपके कमी-जास्त का असतात? ठिकाण बदलले की प्रमाण का बदलते? १९१८ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, ढालकिड्यांवरचा त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. कीव्हमध्ये शिक्षण घेतल्यावर १९२४ मध्ये ते लेनिनग्राडला युरी फिलिपचेन्को यांच्या विभागात रुजू झाले. तिथून त्यांनी मध्य आशियात गुराढोरांच्या अभ्यासमोहिमाही काढल्या. प्रयोगशाळेइतकाच रानावनात रमणारा हा स्वभाव पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला.

अमेरिकेत कायमचे कसे राहिले?

२७ डिसेंबर १९२७ रोजी ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन यांची प्रयोगशाळा तेव्हा फळमाशीच्या आनुवंशिकतेची पंढरी होती. पुढच्याच वर्षी मॉर्गन कॅलिफोर्नियात कॅल्टेकला गेले आणि डोबझान्स्कीही त्यांच्यामागे गेले. परत जायचे ठरलेलेच होते. पण १९३० मध्ये फिलिपचेन्को वारले, मायदेशी वातावरण बिघडत गेले आणि डोबझान्स्की यांनी न परतण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयाचे मोल कळायला एक उदाहरण पुरे. जॉर्जी कार्पेचेन्को याच काळात रॉकफेलर शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियात आले होते. मुळा आणि कोबी यांचा संकर करून, त्यातील गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाल्यावर तो संकर वांझ राहत नाही, हे त्यांनी दाखवले होते. कार्पेचेन्को परत गेले. १९४१ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. जगभरातील बियाणे गोळा करणारे निकोलाय वाव्हिलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. डोबझान्स्की १९३७ मध्ये अमेरिकी नागरिक झाले आणि मायदेशी पुन्हा कधीच गेले नाहीत. तिथल्या आनुवंशशास्त्राचा गळा घोटणाऱ्या ट्रोफिम लिसेन्को यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर मात्र त्यांनी १९४६ मध्ये स्वतः केले. हे विज्ञान किती पोकळ आहे ते वाचकांनी मूळ मजकुरातूनच पाहावे, असा हेतू.

संकर वांझ का होतो?

घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेले खेचर वांझ असते, हे सर्वांना माहीत आहे. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. जोड्या नीट जुळत नाहीत. पण जिथे आकडा सारखाच असतो तिथे काय?

कॅल्टेकमध्ये डोबझान्स्की ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या रानमाशीकडे वळले. तिचे दोन वंश, अ आणि ब, डोनाल्ड लान्सफील्ड यांनी आधीच ओळखले होते. दिसायला सारखेच, पण त्यांच्या संकरातून जन्मणाऱ्या माद्या प्रजननक्षम आणि नर वांझ. डोबझान्स्की यांनी हजारो संकरित नरांचे वृषण मोजले आणि कोणते गुणसूत्र कोणाकडून आले की वृषण खुरटतात याचा हिशेब मांडला. वांझपणाला एकच कारण नव्हते. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील जनुके एकत्र आल्यावर बिघाड होत होता.

यात एक जुना पेच होता. संकराला मारक ठरणारे जनुक मुळात टिकतेच कसे? नैसर्गिक निवडीने ते काढून टाकायला हवे. डोबझान्स्की यांचे उत्तर स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगता येईल. दोन भावांकडे एकसारखे भांडे आणि एकसारखे झाकण आहे. वेगळे झाल्यावर एकाने झाकण बदलले. ते जुन्या भांड्यावर बसते. दुसऱ्याने भांडे बदलले. त्यावर जुने झाकण बसते. कोणाचेच काही अडत नाही. पण नवे झाकण नव्या भांड्यावर बसवायला जावे तर बसत नाही. दोन्ही बदल आपापल्या घरी निरुपद्रवी, फक्त एकत्र आल्यावर घातक. हर्मन मुलर यांनीही हाच विचार पुढे नेला, म्हणून तो दोघांच्या नावे ओळखला जातो. विल्यम बेटसन यांनी १९०९ मध्येच तो मांडून ठेवला होता, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

१९३६ मध्ये कोलंबियात दिलेल्या व्याख्यानांतून १९३७ मध्ये त्यांचे ‘जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक आले. डार्विनची निवड आणि मेंडेलची जनुके एकाच चौकटीत बसवणाऱ्या पुस्तकांत त्याचे स्थान पहिले. प्रजाती म्हणजे ठरावीक साचा नव्हे, तर हळूहळू बंद होत जाणारा दरवाजा, ही दृष्टी त्यातून रुळली. अ आणि ब यांपैकी ब वंशाला १९४४ मध्ये स्वतंत्र प्रजातीचे नाव मिळाले : ड्रॉसोफिला पर्सिमिलिस.

गुणसूत्राचा तुकडा उलटा बसला तर?

१९३३ च्या सुमारास माशीच्या अळीच्या लाळग्रंथींमधील महाकाय गुणसूत्रांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. त्यांवर आडवे पट्टे दिसतात, त्यामुळे जनुकांचा क्रम सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतो. डोबझान्स्की आणि अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी रानमाश्यांचे तिसरे गुणसूत्र तपासले तेव्हा क्रम जागोजागी वेगळा निघाला. १-२-३-४-५-६ असा क्रम असेल, तर मधला तुकडा तुटून उलटा बसतो आणि १-२-५-४-३-६ होतो. कोणता क्रम कोणापासून निघाला हे लावत त्यांनी वंशावळ तयार केली. डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधी, जनुकसंचाच्या फेररचनेवरून काढलेला हा कुळाचा नकाशा. थोडे कौतुक व्हायलाच हवे. दुर्दैवाने दोघा मित्रांचे पुढे बिनसले आणि १९४० मध्ये डोबझान्स्की कोलंबियाला परतले.

उलट्या तुकड्याचे महत्त्व असे की, साध्या आणि उलट्या गुणसूत्राची जोडी जमल्यावर त्या भागातील जनुकांची अदलाबदल जवळपास थांबते. सगळी जनुके गाठोड्यासारखी एकत्र पुढे जातात. कॅलिफोर्नियातील सॅन हासिंटो पर्वतावर डोबझान्स्की यांना दिसले की, या गाठोड्यांचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. मार्च ते जून एक प्रकार घटतो, दुसरा वाढतो, मग उन्हाळ्यात उलट. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यांत २५ अंश सेल्सियसला असा बदल घडला, १६.५ अंशांना घडला नाही. उत्क्रांती हजारो वर्षांची गोष्ट मानली जात होती. ती काही महिन्यांत मोजता आली.

पिंजऱ्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. दोन वेगळे प्रकार अंगी असलेल्या माश्या सर्वात तगड्या ठरल्या. यावरून डोबझान्स्की यांनी ठाम मत बनवले की वैविध्य हीच समूहाची पुंजी. मुलर यांना ते पटले नाही. बहुतेक उत्परिवर्तने हानिकारकच, असे त्यांचे म्हणणे. हा वाद वर्षानुवर्षे चालला. १९६६ मध्ये डोबझान्स्की यांचेच शिष्य रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॅक हबी यांनी माश्यांच्या प्रथिनांत अपेक्षेपेक्षा खूप जास्त वैविध्य दाखवले. पण ते सगळे उपयोगाचे आहे, हे त्यातून सिद्ध झाले नाही. डोबझान्स्की यांनी आपल्या पिंजऱ्यांवरून जरा जास्तच व्यापक निष्कर्ष काढला, असे आज म्हणावे लागते.

माणसांच्या बाबतीत त्यांनी याच आधारे शुद्ध वंशाची कल्पना खोडून काढली. समूहांमध्ये फरक असतो तो जनुकांच्या प्रमाणाचा, आणि कोणताही समूह बंदिस्त नाही. मात्र वंश हा शब्दच टाकून द्या, असे सहकारी म्हणू लागले तेव्हा ते अडून बसले. शब्दाचा गैरवापर थांबवावा, शब्द नव्हे, ही त्यांची भूमिका होती.

न्यूटने यात काय भर घातली?

१९६८ मध्ये रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले, १९६९ मध्ये पत्नी नताल्या गेल्या. तरीही डेव्हिस येथे ते अखेरपर्यंत काम करत राहिले. १८ डिसेंबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर त्यांच्या दोन्ही धाग्यांना पुढे मोठे टोक मिळाले. २००१ मध्ये दिसून आले की त्यांच्या दोन माश्यांमधील वांझपणाची जनुके मुख्यतः उलट्या तुकड्यांमध्येच दडलेली आहेत. म्हणजे संकर होत राहिला तरी भिंत त्या तुकड्यांमुळे शाबूत राहते. बाल्कन प्रदेशात न्यूटची एक प्रजाती दुसरीच्या मुलखात सरकली, तेव्हा मागे हटलेल्या प्रजातीची जनुके पुढे आलेल्यांच्या शरीरात राहून गेली. दरवाजा पूर्ण बंद व्हायला किती काळ लागतो, हे तिथे जिवंत दिसते.

सर्वात विलक्षण प्रकार १९८० मध्ये हर्बर्ट मॅकग्रेगर आणि हीदर हॉर्नर यांनी उलगडला. मायेनमधले दोन्ही न्यूट ज्या कुळातले आहेत, त्या ट्रायट्युरस कुळात पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राची दोन रूपे असतात. प्रत्येक जिवंत न्यूटकडे दोन्ही रूपे एकेक हवीतच. एकाच रूपाच्या दोन प्रती मिळालेला भ्रूण अंड्यातच मरतो. त्यामुळे निरोगी आई-वडिलांच्याही निम्म्या अंड्यांचा दरवर्षी नाश होतो. अलीकडच्या जनुकसंच अभ्यासांत दिसले की एका रूपातील काही आवश्यक जनुके दुसऱ्या रूपात नाहीतच, आणि दुसऱ्याची पहिल्यात नाहीत. कुळातील सर्व प्रजातींत हा प्रकार असल्याने ही फेररचना त्यांच्या सामायिक पूर्वजातच झाली असणार.

दोन वेगळे प्रकार एकत्र असणे हेच बळ, हा डोबझान्स्की यांचा माश्यांवरून काढलेला निष्कर्ष न्यूटमध्ये टोकाला जाऊन सक्ती बनला आहे. ती झटकून टाकण्याचा मार्ग या कुळाला लाखो वर्षांत सापडलेला नाही आणि दर वसंतात युरोपातल्या तळ्यांमध्ये निम्मी अंडी वाया जात आहेत.