आज्ञावलीला वाचनीय करणारी विदुषी : ग्रेस हॉपर

संगणकाची आज्ञावली यंत्रासाठी असते खरी; पण ती तपासावी, दुरुस्त करावी लागते माणसालाच. ज्यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली, त्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरी ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला. व्हासर महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळविली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

या यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीवर भोके पाडून. एकेका ओळीत २४ जागा. भोक आहे की नाही, एवढीच ती लिपी! एकदा बिनचूक ठरलेला भाग सहकारी वहीत उतरवून ठेवीत व पुन्हा वापरीत. पुढे ‘युनिव्हॅक’ यंत्रावरही हीच रीत चालू होती. परंतु उतरविताना बेरजा चुकत, घाईने लिहिलेले इंग्रजी ‘बी’ तेराच्या आकड्यासारखे दिसे, आणि सारे गणित फसे. हॉपर यांनी दोष माणसांना न देता पद्धत बदलली. १९५२ साली त्यांनी ‘ए-झीरो’ ही योजना सिद्ध केली. तयार भाग फितीवर साठवायचे, प्रत्येकास क्रमांक द्यायचा, आणि ते शोधून जोडण्याचे काम यंत्रावरच सोपवायचे.

नंतर त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची कल्पना मांडली. यंत्राला भाषा कशी कळणार, अशी वरिष्ठांची शंका! हॉपर यांनी तीच आज्ञावली फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखविली. तेव्हा तर वरिष्ठ अधिकच बिचकले. तरीही ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा साकार झाली. १९५९ साली नेमलेल्या समितीने ‘कोबोल’ भाषा रचली, तिला मोठा आधार फ्लो-मॅटिकचाच होता.

कोबोलमध्ये आज्ञावलीचे चार विभाग असतात. यंत्राची माहिती ‘एन्व्हायर्न्मेंट’ विभागातील ‘कॉन्फिगरेशन’ या पोटविभागात, सामग्रीचे वर्णन दुसरीकडे, प्रत्यक्ष कृती तिसरीकडे. यंत्र बदलले तर कोठे पाहावयाचे, हे शोधत बसावे लागत नाही. ही भाषा पाल्हाळिक आहे, अशी टीका पुष्कळ झाली आणि तीत तथ्यही आहे. मात्र लिहिणारा निघून गेल्यावर मागून येणाऱ्यास ती उमगते, म्हणूनच बँकांतून ती अद्याप टिकून आहे.

वयाच्या ७९ व्या वर्षी, १९८६ साली, हॉपर रिअर अ‍ॅडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्यापैकी अनेकजण आज्ञावल्या लिहितात. लांबलचक ओळ तोडून दोन करणे, भागांना अर्थपूर्ण नावे देणे, यंत्रानुसार बदलणाऱ्या गोष्टी एका जागी ठेवणे, यांत वेळ थोडा जातो. पण उद्या ती आज्ञावली उघडणाऱ्या अनोळखी माणसाचे कित्येक दिवस त्यामुळे वाचतात. हॉपर यांनी आयुष्यभर त्या माणसाचीच काळजी वाहिली.